रिकामा फेरा

"आवाज येतो गं रोज, पण वास येत नाही."

कलशेट्टीकाकूंनी फोनवर हे सांगितलं तेव्हा ऋतुजाच्या एका खांद्यावर आठ महिन्यांची शर्वी होती, दुसऱ्या खांद्यानं तिनं फोन कानाशी दाबून धरला होता, आणि समोरच्या पडद्यावर ऑफिसची बैठक सुरू व्हायला आली होती. काकू सोलापुरात राहायच्या, ऋतुजाच्या वडिलांच्या बरोब्बर खालच्या मजल्यावर.

"कसला वास, काकू?"

"स्वयंपाकाचा गं. फोडणीचा, लसणाचा, भाकरीचा. सकाळ झाली की वर आप्पांचा मिक्सर घरघरतोय, मला ऐकू येतंय की. पण वास म्हणशील तर नाही. मी काय म्हणायलेय, एकदा येऊन बघून जा."

ऋतुजानं फोन कानापासून लांब धरून पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथं हिरवी खूण होती, आणि खुणेपुढे दोन शब्द. आप्पा, ठीक.

"काकू, त्यांच्या ओट्यावर चिमणी बसवलीय ना मागच्या वर्षी. वास सगळा बाहेर जात असणार."

"असंल बाई," काकू म्हणाल्या. पटलं नसलं की त्या असंच म्हणत.

बैठक सुरू झाली, शर्वीनं खांद्यावर दूध काढलं, आणि वासाची गोष्ट तिथंच राहिली.

हिरवी खूण ऋतुजाच्याच कंपनीचं यंत्र देत असे. त्याचं नाव भिंगरी. काडेपेटीएवढी पांढरी डबी, घरातल्या मेन स्विचशेजारी चिकटवून टाकायची, बस्स. पूर्वी मोटारीचे फेरे मोजायचे तर मोटारीजवळ जावं लागे. फिरत्या आसावर चकाकत्या पट्टीचा तुकडा चिकटवायचा, त्यावर प्रकाशाचा झोत धरायचा, आणि मिनिटात पट्टी किती वेळा चमकली ते हातातलं यंत्र मोजणार. भिंगरीला कशाच्याही जवळ जावं लागत नसे. प्रत्येक मोटार वीज ओढताना त्या विजेत आपली एक बारीक थरथर सोडते. फेरे जितके जलद तितकी थरथर दाट. घरातल्या सगळ्या थरथरी मेन स्विचपाशी येतात त्या एकमेकींत मिसळून, लग्नाच्या मांडवातल्या बोलण्यासारख्या. भिंगरी त्या गलबल्यातून एकेक आवाज वेगळा काढायची. हा पंखा, मिनिटाला तीनशे चाळीस फेरे. ही पाण्याची मोटार, अठ्ठावीसशे साठ. हा वॉशिंग मशीनचा ड्रम, ह्यात कपडे जरा जास्तच कोंबलेत.

सुरुवातीला ती कारखान्यांसाठी होती. मोटारीचे फेरे पडायला, म्हणजे कमी व्हायला लागले की समजायचं, बेअरिंग धरतंय किंवा कुठंतरी काहीतरी अडतंय. मोटार जळायच्या आधी निरोप यायचा. मग घराघरांत डब्या लागल्या, आणि ऑफिसात कुणाच्या तरी लक्षात आलं की मोटारीबरोबर मोटार फिरवणारा माणूसही कळतो. सकाळी गिझरनंतर पाण्याची मोटार, मग मिक्सर, दुपारी पंखा, संध्याकाळी पुन्हा मोटार. हा क्रम मोडला नाही म्हणजे घरातलं माणूस उठलं, आंघोळ केली, खाल्लं, आडवं झालं. कॅमेरा नको, माइक नको. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांसाठी कंपनीनं 'सोबत' नावाची सेवा काढली. तिचा नियम ऋतुजानं लिहिला होता. नेहमीच्या वेळी नेहमीची मोटार फिरली, आणि तिचे फेरे पडले नाहीत, तर हिरवी खूण. वेळ टळली किंवा फेरे पडले तर पिवळी. फेरे वाढले तर काय, हे कुणी विचारलं नव्हतं. कारखान्यात त्याची कुणाला चिंता नव्हती.

आई गेल्यावर पहिली डबी ऋतुजानं सोलापूरच्या घरात लावली. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक, भूगोलाचे. खुर्चीवर चढलेल्या गरोदर लेकीला खाली उतरवून त्यांनी स्वतःच ती चिकटवली होती.

"म्हणजे तू माझा पंखा बघणार, आणि मी कसा आहे ते ओळखणार?" त्यांनी विचारलं होतं. लाडात आले की ते लेकीला अव्वा म्हणत. "अव्वा, पंख्याचं कधी पोट दुखत नाही गं."

"तुम्ही फक्त रोजच्यासारखं राहा. बाकी मी बघते."

रोजच्यासारखं राहणं पहिल्याच महिन्यात चुकलं. आप्पा पहाटे सिद्धेश्वराला गेले, तिथून मंडईत गेले, कुणीतरी जुना विद्यार्थी भेटला, त्यानं चहाला नेलं. घरी मिक्सर फिरला नाही. ऋतुजाच्या फोनवर पिवळी खूण आली. आप्पांचा फोन घरीच चार्जिंगला. तिनं काकूंना फोन केला, काकूंनी आपल्या नवऱ्याला उठवलं, त्यांनी कुलूपवाल्याला. आप्पा पिशवीत वांगी घेऊन जिना चढून आले तेव्हा दारात कुलूपवाला, खालचे दोघे, समोरचे तिघे, आणि फोनच्या पडद्यावर रडणारी लेक.

"जिवंत माणसाचा पंचनामा चाललाय का?" आप्पांनी विचारलं, आणि कुलूपवाल्याच्या हातात दोन वांगी ठेवली.

त्यानंतर पिवळी खूण आली नाही. कधीच नाही. ऋतुजा ऑफिसात कौतुकानं सांगायची, आमचे आप्पा म्हणजे घड्याळ. मध्ये शर्वी झाली, तिच्या बारशाला आप्पा पुण्याला येऊन गेले (तेवढे दिवस खूण बंद ठेवली होती), रजा संपली, पाळणाघर सुरू झालं. व्हिडिओ कॉल व्हायचे रोज. आप्पा फोन मांडीवर धरायचे, त्यामुळे त्यांचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसायचा. पंखा छान फिरत असायचा.

काकूंच्या त्या फोननंतरचा शनिवार. शर्वीसाठी नाचणी दळायची होती. मोड काढून वाळवलेली नाचणी ताटात, मिक्सरचं भांडं ओट्यावर, आणि शर्वी जमिनीवरून रांगत थेट प्लगच्या दिशेनं. ऋतुजानं भांडं बसवलं, झाकण लावलं, एका हातानं पोरीला झबल्याला धरून मागं ओढलं आणि दुसऱ्या हातानं बटण फिरवलं.

मिक्सर किंचाळला. नाचणी ताटातच होती.

"काय गं, विमान उतरलं का गच्चीवर?" आतून तेजसनं, तिच्या नवऱ्यानं विचारलं.

तिनं बटण बंद केलं. फोन वाजला. त्यांच्या घरच्या भिंगरीचा रोजचा निरोप. मिक्सर, एकोणीस हजार चारशे फेरे. प्रकृती, उत्तम.

तिला आधी हसू आलं. उत्तम! भांड्यात दाणा नाही, आणि उत्तम. मग तिनं नाचणी भांड्यात ओतली आणि पुन्हा बटण फिरवलं. आवाज दणकन खाली आला, जड झाला, घरघरला. मग दाणा जसजसा फुटत गेला तसतसा हळूहळू चढायला लागला. बायकांच्या कानाला हे कुणी शिकवत नाही. घरघर हलकी झाली की दळलं गेलं, आणि हात आपोआप बटणाकडे जातो. ऋतुजाचाही गेला, आणि बटणावरच थांबला.

आवाज येतो गं रोज, पण वास येत नाही.

तिनं शर्वीला तेजसच्या मांडीत ठेवलं आणि लॅपटॉप उघडला. 'सोबत' घेणाऱ्याला फक्त खूण दिसते. आतला आलेख, म्हणजे फेऱ्यांची क्षणाक्षणाची चढउतार, ऋतुजाला आपल्या लॅपटॉपवरून बघता येतो. बघायची वेळ कधी आली नव्हती. हिरव्या खुणेच्या आत कोण कशाला डोकावतं?

तिनं आधी स्वतःच्या घरचा उघडला. खोल खड्डा, मग खडबडीत चढण. ही नाचणी. कालचा, ओल्या खोबऱ्याचा, दोन पायऱ्यांचा, मध्ये चमच्यानं सारखं केलं होतं ना. मग सोलापूरचा उघडला. आप्पांच्या मिक्सरचा आलेख पाटासारखा सपाट होता. सरळ वर चढला, सपाट राहिला, सरळ खाली उतरला. कालचा तसाच. परवाचा तसाच. ती मागं मागं जात राहिली. शेवटचा खड्डा सापडला तो बारशानंतरच्या आठवड्यातला. त्यानंतर सगळे पाट, एकापाठोपाठ एक. आणि चिमणी? तिची मोटार तर त्याही आधीपासून फिरली नव्हती. काकूंना तिनं जे उत्तर दिलं होतं ते खोटं आहे, हे तिच्याच यंत्राला ठाऊक होतं. तिनं विचारलं नव्हतं.

"आप्पा," तिनं फोन लावला. पंखा दिसला आणि अर्धं कपाळ. "आज सकाळी काय केलंत खायला?"

"शेंगाचटणी की. फक्कड झाली. कडक भाकरी होतीच घरात, वर दही घेतलं. तू काय खाल्लंस?"

"कशात केलीत चटणी?"

"कशात म्हणजे? मिक्सरात. तुझ्या भिंगरीला ऐकू नाही आलं का?"

 ऋतुजाच्या माहेरी मिक्सरातली शेंगाचटणी ही शिवी होती. भाजलेल्या शेंगा, लसूण, तिखट, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं, तर ती चटणी. मिक्सरात होतं ते कूट. आईचं हे मत होतं, आणि आप्पांचं तर त्याहून कडक. पुण्याला एका नातेवाइकांच्या पंगतीत त्यांनी वाढणाऱ्याला सरळ विचारलं होतं, "ह्या कुटाला तिखट कुणी लावलं?" आई ताटावरच शरमून गेली होती. तो माणूस मिक्सरात शेंगाचटणी करून फक्कड झाली म्हणतो?

"आप्पा, मी येतेय."

"अगं, पोरगी लहान आहे, ऊन केवढं—"

"दुपारच्या गाडीनं येतेय."

गाडीत शर्वी झोपली आणि ऋतुजाला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. फिरत्या पंख्यावर चमकदिवा सोडायचे. दिव्याची लुकलुक आणि पंख्याचे फेरे जुळले की भरधाव पंखा डोळ्यांना चक्क थांबलेला दिसायचा. बाई ओरडायच्या, बोट घालू नका, दिसतंय तसं नाहीये ते! तिथं फिरणारं थांबल्यासारखं दिसायचं. तिच्या घरात उलटं झालं होतं. थांबलेलं काहीतरी तिला रोज फिरताना दिसत होतं.

जिन्यात काकू भेटल्या. "आलीस? बरं केलंस," एवढंच म्हणाल्या, आणि शर्वीची पिशवी हातातून घेतली. बघ, मी सांगितलं होतं, असं म्हणाल्या असत्या तर ऋतुजाला जरा बरं वाटलं असतं.

आप्पांनी दार उघडलं. त्यांचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. शर्वीला घ्यायला त्यांनी हात पुढे केले तेव्हा मनगटावरचं घड्याळ सरकत पार कोपरापाशी गेलं.

"आप्पा, केवढे बारीक झालात!"

"म्हातारपणी माणसानं हलकंच व्हावं. उचलणाऱ्यांना सोपं जातं."

एरवी ती अशा बोलण्यावर चिडली असती. आत्ता तिनं स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडले. शेंगांच्या डब्यात जाळी धरली होती. ज्वारीच्या पिठाला कडवट वास येत होता. फडताळात बिस्किटांचे पुडे होते, ओळीनं लावलेले. संध्याकाळी काकूंनी पिठलं-भाकरी वर पाठवली. आप्पांनी भाकरीचा एक घास मोडला, कुस्करला, ताटभर फिरवला, आणि "माझं झालं, मी दुपारी उशिरा जेवलो," म्हणून उठले. उठताना भिंतीला धरलं. त्यांना काय झालंय ते तिला आता कळलं होतं. का झालंय, आणि किती लांब गेलंय, ते कळत नव्हतं.

सकाळी तिला त्या आवाजानंच जाग आली. किंचाळी, सपाट, हलकी. उशाशी फोन उजळला. आप्पा, ठीक.

ती अनवाणी स्वयंपाकघराच्या दारात गेली. आप्पा ओट्याला टेकून उभे होते. एक हात मिक्सरच्या झाकणावर, दुसरा बटणावर, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. भांडं पारदर्शक होतं. आत पातं फिरत होतं, म्हणजे दिसत नव्हतं, नुसती एक चकाकी दिसत होती. ठरलेला वेळ झाला तसं त्यांनी बटण बंद केलं, भांडं काढलं, कोरडं होतं तरी फडक्यानं पुसलं, आणि जागेवर पालथं घातलं.

"आप्पा. मी इथंच आहे की. आज कशाला फिरवलात?"

ते दचकले. मग ओशाळून म्हणाले, "तू आहेस गं. पण जावईबापूंच्या फोनवर पण जाते ना ती खूण? ते घाबरतील उगीच."

ऋतुजाला रडावं की हसावं कळेना. ती खाली फरशीवरच बसली. आप्पाही सावकाश पाटावर टेकले.

"आधी करत होतो सगळं," ते म्हणाले. "एकट्यापुरती भाकरी थापायची, एकट्यानं खायची, एकट्याचं ताट घासायचं. बारशाला तुमच्याकडे घर कसं भरलेलं होतं. तिथनं आलो आणि एक दिवस केलंच नाही काही. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही केलं. मग घास उतरेचना. बसावं ताटावर आणि उठावं."

"मग मला सांगायचं ना!"

"तुला?" आप्पांनी तिच्याकडे बघितलं. "मी मंडईत गेलो तर कुलूपवाला आणलास तू. अंगावर पिणारं पोर तुझं. बाळंतीण घाबरली की दूध आटतं म्हणतात. म्हटलं, फिरवूया मिक्सर. आपलं काय जातंय? तू माझ्यासाठी भिंगरी लावलीस, मी तुझ्यासाठी मिक्सर फिरवला. फिटंफाट."

"फिटंफाट काय, आप्पा! अशानं तुम्ही—" पुढचा शब्द तिनं गिळला. "मी सोमवारी जाऊन नियमच बदलते. मिक्सर रिकामा फिरला की लाल खूण."

"मग मी पाणी घालून फिरवीन."

"पाण्याचाही आलेख वेगळा येतो. तोही पकडीन."

"मग दाणे घालीन आणि कावळ्यांना टाकीन." आप्पांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी मुख्याध्यापक आला होता. "आयुष्यभर कॉप्या पकडल्यात मी. पर्यवेक्षक जितका कडक, तितकी पोरांची कॉपी हुशार. तू मला मोजत राहा, मी तुला आकडे देत राहीन. आकड्यांना काय तोटा आहे?"

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांनी आप्पांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, खाली बसायला वेळ लागला. रक्त तपासलं, सलाईन लावलं. "बरं झालं आणलंत," डॉक्टर ऋतुजाला बाजूला घेऊन म्हणाल्या. "अंगातलं मांस संपत आलंय. असंच चाललं असतं तर पुढच्या खेपेला मला मूत्रपिंडाबद्दल बोलावं लागलं असतं. आत्ता फक्त जेवणाबद्दल बोलूया. थोडं थोडं, पण रोज. आणि एकट्यानं नको."

घरी आल्यावर ऋतुजानं माळ्यावरून आईचं उखळ खाली काढलं. काकू नव्या शेंगा घेऊन आल्या. शेंगा भाजल्या, साली पाखडल्या, लसूण सोलला. शर्वीला आप्पांच्या मांडीवर दिलं आणि ऋतुजानं मुसळ धरलं. तिला सवय नव्हती. मुसळ तिरकं पडायचं, दाणे उडायचे, आणि प्रत्येक घावाला शर्वी खिदळायची.

"मनगटानं नाही, खांद्यानं," आप्पा म्हणाले. "तुझी आई असती तर उखळ हिसकावून घेतलं असतं."

"मग तुम्ही घ्या की."

"सलाईन लावलेल्या माणसाला काय बोलायलीस गं!"

काकू तवा बघायला खाली गेल्या होत्या. शेंगांना तेल सुटलं, लसूण आणि तिखट त्या तेलात भिजलं, आणि घरभर तो वास पसरला, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. खालून हाक आली.

"आला गं, ऋतुजा! आला वास!"

आप्पांनी चिमूटभर चटणी बोटावर घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले.  शर्वीनं त्यांचं बोट पकडून तोंडाकडे ओढलं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि भाकरी मागितली.

पुढच्या आठवड्यात ऋतुजा इनामदार मॅडमसमोर बसली. फरीदा इनामदार 'सोबत'च्या प्रमुख. भिंगरी पहिल्यांदा टेबलावर चालली तेव्हा ती चालवणारा हात त्यांचाच होता. ऋतुजानं आप्पांचे सपाट आलेख दाखवले आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

"एक माणूस, ऋतुजा," मॅडम म्हणाल्या. "तोही तुझे वडील. हट्टी."

"तेच बघायचंय, मॅडम. एकच आहे का."

त्यांनी चाळणी लिहिली. नावं आणि पत्ते झाकून, फक्त आलेख. ज्या घरात म्हातारं माणूस एकटं राहतं, तिथला मिक्सर घ्या. खड्डा नसलेले, सपाट फेरे वेगळे काढा. संगणकाला फार वेळ लागला नाही.

दर सातव्या घरात मिक्सर रिकामा फिरत होता. रोज, खूण उमटायच्या वेळेच्या जरा आधी.

काही घरांत पाणी होतं, आप्पा म्हणाले तसं. एका घरात वॉशिंग मशीन आठवड्यातून दोनदा कपड्यांवाचून फिरत होतं. एका घरात मिक्सर सपाट फिरे, थांबे, पुन्हा सपाट फिरे. बहुधा कुणीतरी चटणी आणि मग कूट, असं सगळं साग्रसंगीत सोंग करत होतं. आणि ह्या प्रत्येक घरातून कुठल्यातरी लांबच्या शहरात, कुठल्यातरी मुलाच्या, मुलीच्या फोनवर हिरवी खूण पोचत होती. ते ती बघत होते, सुस्कारा सोडत होते, आणि कामाला लागत होते.

"फेरे पडले तरच आपण घाबरायचो," ऋतुजा म्हणाली. "ओझं उतरलं की मोटार जोरात फिरते, हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. आपण त्याला उत्तम म्हटलं."

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. "नवा नियम टाकू. रिकामा फेरा. लाल खूण."

"टाकूया. पण महिन्याभरात ते त्याच्यावरही उपाय काढतील. आपल्यापेक्षा जास्त वेळ आहे त्यांच्याकडे. आणि मॅडम, ते आपल्याला फसवत नाहीयेत. पोरांना त्रास नको म्हणून करतायत."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"खुणेखाली चार ओळी लिहायच्या."

कंपनीच्या वरिष्ठांकडून विचारणा झालीच. आपल्याच खुणेवर विसंबू नका, असं आपणच सांगायचं? मॅडमनी "हो," एवढंच उत्तर पाठवलं. त्याआधी त्यांनी मिरजेच्या आपल्या आईच्या घरचा आलेख उघडून पाहिला होता.  मग पर्स उचलली, आणि दोन दिवसांची रजा टाकून तिकडे गेल्या.

सोलापुरात उखळ आता खालच्या मजल्यावर असतं. आप्पा दुपारी कलशेट्ट्यांकडे जेवतात, भाकरीच्या आकारावरून काकूंशी वाद घालतात, आणि भूगोलाचा दाखला देऊन हरतात. त्यांचा मिक्सर बहुतेक दिवस फिरत नाही, त्यामुळे ऋतुजाच्या फोनवर पिवळी खूण येते.  मग ती काकूंना फोन लावते आणि एकच शब्द विचारते. "वास?"

"येतोय, येतोय," काकू म्हणतात.

आणि ज्यांना ज्यांना हिरवी खूण दिसते, त्यांना आता तिच्याखाली ऋतुजानं लिहिलेल्या ह्या ओळीही दिसतात.

"तुमच्या माणसाच्या घरात आज मिक्सर फिरला. किती वेगानं फिरला ते आम्ही मोजलं. त्यात काही होतं का, ते नीट सांगता येत नाही, आणि ताटात काही पडलं का, ते तर मुळीच नाही. ते तुमच्या काळजीपोटी तुम्हाला खरं सांगणार नाहीत, जसं तुम्ही त्यांना सांगत नाही. म्हणून ही खूण बघून झाल्यावर फोन खाली ठेवू नका. जवळ असाल तर आज त्यांच्या दाराशी जाऊन या. लांब असाल तर शेजारच्या कुणाला तरी हाक मारा, आणि एवढंच विचारा. आवाज येतोय, ते कळलं. वास येतोय का?"